वसाहतीखालच्या नाल्याकाठी शिसं-कॅडमियम : रिपोर्ट कसा वाचायचा आणि रानाचं काय करायचं?

शिवारफेरी

जमीन मराठवाड्यातल्या एका औद्योगिक वसाहतीच्या खालच्या अंगाला आहे. वसाहतीचं आणि गावाचं नाव मुद्दाम देत नाही. साडेतीन एकर काळी भारी, दीड-दोन मीटरवर मुरूम. वसाहतीतून येणारा नाला उत्तरेच्या बांधाला घासून जातो. वर भंगार वितळवायच्या भट्ट्या, गॅल्व्हनायझिंग आणि प्लेटिंगची लहान शेडं असं सगळं मिसळ आहे.

नाल्याकडच्या पट्ट्यातली माती (० ते १५ सेंमी, आठ ठिकाणची एकत्र करून) खासगी लॅबला दिली. एकूण धातू, मिलिग्रॅम प्रति किलो: क्रोमियम १४२, निकेल ८८, तांबं ११८, जस्त ३१०, शिसं ९६, कॅडमियम १.९. सामू (पीएच) ८.१, मुक्त चुनखडी ९ टक्के.

त्याच पट्ट्यातला पालक: शिसं ३.१, कॅडमियम १.२.
विहीर: ईसी (पाण्यातले क्षार दाखवणारी विद्युत वाहकता) २.६, क्रोमियम ०.०९ मिग्रॅ प्रति लिटर, शिसं ०.०१ च्या खाली.

लॅबचा शेरा एका ओळीचा: "सर्व धातू मर्यादेपेक्षा जास्त." उलट मृदा आरोग्य पत्रिकेत सगळं हिरवं. आता खरं कुणाचं धरायचं? पालक, मेथी, कोथिंबीर बाजारात न्यावी का? आणि चुना टाकून किंवा मोहरी पेरून माती साफ होते म्हणतात, ते आपल्या मातीत चालतं का?

---

काळीभोर

आधी तो शेरा बाजूला ठेवा, आकडे वाचू.

लॅबनं बहुतेक कॅनडाचा तक्ता लावलाय: शेतजमिनीला क्रोमियम ६४, निकेल ४५, तांबं ६३, शिसं ७०, कॅडमियम १.४. त्या हिशेबानं तुम्ही सगळ्यात नापास. आपल्याकडच्या शोधनिबंधांत जे आकडे भारतीय मर्यादा म्हणून फिरतात (शिसं २५० ते ५००, कॅडमियम ३ ते ६, निकेल ७५ ते १५०, तांबं १३५ ते २७०, जस्त ३०० ते ६००), ते लावले तर शिसं आणि कॅडमियम आरामात पास. एकाच रिपोर्टवर दोन निकाल. म्हणून मर्यादेशी तुलना करण्याआधी आपल्याच खडकाशी करायची.

आपली काळी माती बेसाल्टची. जगभरच्या बेसाल्टची ढोबळ सरासरी अशी: क्रोमियम १७०, निकेल १३०, तांबं ८७, जस्त १०५, शिसं ६, कॅडमियम ०.२. आता तुमचे आकडे शेजारी मांडा. क्रोमियम, निकेल, तांबं हे खडकातूनच आलेलं असू शकतं. दख्खनच्या खडकात तांबं तर सरासरीच्या वरच सापडतं. वसाहतीपासून वीस कोस लांबच्या रानातही हे आकडे असेच निघतील. पण शिसं खडकाच्या सोळा पट, कॅडमियम नऊ पट, जस्त तिप्पट. हे तिघं एकत्र वाढलेत, हीच खरी खूण. जस्त चढवलेलं भंगार भट्टीत पडलं की जस्त आधी उडतं, सोबत शिसं-कॅडमियम जातं आणि ते सगळं धुराच्या बारीक राखेत बसतं. प्लेटिंगचं पाणी मातीत मुरलं असतं तर क्रोमियम-निकेल एवढे गप्प बसले नसते. (पाण्यातल्या क्रोमियमची गोष्ट वेगळी, त्यावर जाणकार बोलतील.)

मृदा आरोग्य पत्रिका खोटं सांगत नाही, तिला तो प्रश्न विचारलेलाच नाही. तिच्यात बारा गोष्टी तपासतात आणि जस्त, लोह, तांबं, मंगल हे डीटीपीएच्या द्रावणानं काढतात, म्हणजे पिकाला मिळण्याजोगा भाग तेवढाच. शिसं-कॅडमियम त्या बारांत नाहीच. शिवाय तिथं जस्त जास्त निघालं तर "पुरेसे" म्हणून हिरवा रंग मिळतो.

पालकाचा आकडा सगळ्यात महत्त्वाचा आणि तोच अर्धवट आहे. ओल्या वजनावर की सुक्या? कोडेक्सची (आंतरराष्ट्रीय अन्नमानकांची) पालेभाजीची मर्यादा शिसं ०.३, कॅडमियम ०.२ मिग्रॅ प्रति किलो, आणि ती ताज्या भाजीवर. पालकात सुका भाग जेमतेम ८ टक्के. रिपोर्ट सुक्या वजनावर असेल तर ३.१ गुणिले ०.०८ म्हणजे शिसं ०.२५ आणि कॅडमियम ०.१० च्या आसपास. काठावर, पण आत. ओल्या वजनावर असेल तर शिसं मर्यादेच्या दहा पट आणि ती भाजी माणसानं काय, जनावरानंही खायची नाही. आजच लॅबला फोन लावून विचारा, आणि पालक धुऊन तपासला की तसाच, हेही विचारा.

---

सामू_८

काळीभोर यांनी रिपोर्ट वाचला, मी नमुन्यावर बोलतो. आठ ठिकाणची माती एकत्र केली इथंच घोटाळा आहे. खताचा डोस काढायला एकत्र नमुना ठीक. प्रदूषण शोधताना एकत्र केलं की नाल्यालगतचा शिशाचा ४०० चा ठिपका आणि आतला १५ मिळून ९६ होतो आणि दोन्ही दडतात.

नाल्याच्या काठापासून आत सरळ रेघ धरा: २, ५, १०, २५, ५० आणि १०० मीटर. प्रत्येक अंतरावर नाल्याला समांतर चालत पाच खड्डे आणि त्या पाचांचाच एक नमुना. २ आणि २५ मीटरवर ० ते १५, १५ ते ३० आणि ३० ते ६० सेंमी असे तीन थर वेगळे घ्या. शिवाय तुलनेसाठी तशाच काळ्या भारी मातीचं, नाल्याच्या वरच्या अंगाचं, किमान दीड-दोन किलोमीटर लांबचं एक रान. वाऱ्याचं बघा: आपल्याकडं पावसाळ्यात पश्चिम-नैऋत्येचा, हिवाळ्यात पूर्व-ईशान्येचा, त्यामुळं वसाहतीच्या वायव्येचं किंवा आग्नेयेचं रान त्यातल्या त्यात बरं. हमरस्त्यापासून आणि वीटभट्टीपासूनही लांब. हा तुलनेचा नमुना नसेल तर बाकी सगळ्या तपासणीचे पैसे पाण्यात.

आकडे कसे उतरतात त्यावरून वाट कळते. काठाला जास्त आणि १० मीटरच्या आत झपकन कमी झालं तर गाळ किंवा पुराचं पाणी. सगळीकडं सारखंच वाढलेलं आणि वरच्याच थरात जास्त असेल तर धूळ. विहिरीच्या पाण्यानं भिजणाऱ्या सऱ्यांतच वाढलं असेल तर पाणी.

हात कुठं चुकतो ते सांगतो. जस्त चढवलेलं घमेलं किंवा बादली वापरली की जस्ताचा आकडा गेला. प्लास्टिकचं घमेलं आणि स्टेनलेसची खुरपी घ्या. खड्डा टिकावानं पाडला तरी लोखंड लागलेली बाजू खुरपीनं तासून आतली माती घ्या. लॅबची चाळणी पितळी असेल तर तांबं-जस्त तिथंही मिसळतं, नायलॉनची आहे का विचारा. माती सावलीत वाळवायची, वर्तमानपत्रावर नाही. भेगेतून नमुना घेऊ नका: उन्हाळ्यात आपल्या रानाला हात-हात भेगा पडतात, वरची माती थेट खाली जाते, आणि मग ६० सेंमीवरचा आकडा वाढून येतो. ते मुरलेलं नसतं, पडलेलं असतं. पहिले दोन मोठे पाऊस होऊन भेगा मिटल्या की घ्या.

लॅबला कागदावर लिहून द्या: अम्लराजात (तीव्र आम्लांच्या मिश्रणात) विरघळवून एकूण शिसं, कॅडमियम, जस्त, क्रोमियम, निकेल, तांबं, आणि त्याच मातीचं डीटीपीएनं निघणारं शिसं, कॅडमियम, जस्त. कॅडमियमला आयसीपी-एमएस किंवा ग्राफाइट भट्टीचं एएएस (ही अगदी थोडा धातू मोजणारी यंत्रं) मागा. साध्या ज्योतीच्या यंत्राला इतकं थोडं कॅडमियम धड दिसत नाही आणि चुनखडीच्या मातीत ते उगाच जास्तही दाखवतं.

पालकाची तोडणी करून एकाच जागची जुडी अर्धी-अर्धी करा. अर्धी तशीच. अर्धी नळाच्या पाण्यानं, मग डिस्टिल्ड पाण्यानं तीनदा धुऊन. दोन्ही कागदी पिशव्यांत (प्लास्टिकमध्ये कुजते) ६५ अंशांवर वाळवा. धुतल्यावर शिसं निम्म्यानं उतरलं तर ते मुळातून आलेलं नव्हतं, पानावर बसलेलं होतं. सोबत लोह बघा: सुक्या पालकात लोह हजाराच्या पुढं निघालं तर पानाला माती-धूळ चिकटलेली आहे, पक्कं. आणि दळायला घरचं मिक्सर नको, त्याच्या पात्यातून क्रोमियम-निकेल उतरतं.

---

शिवारफेरी

लॅबला विचारलं. आकडे सुक्या वजनावरचे आहेत आणि पालक धुतलाच नव्हता.

आणखी एक आठवलं ते सांगतो: दोन वर्षांपूर्वी नाला खोलीकरणात जेसीबीनं काढलेला गाळ आमच्याच बांधावर टाकला होता. नंतर तो रोटाव्हेटरनं रानात पसरला गेला, साधारण दहा-बारा मीटर रुंद पट्टा. आठही खड्डे त्या पट्ट्यातलेच होते.

कृषी केंद्रात एक बाटली मिळते, "धातू खाणारे जिवाणू" म्हणून. ती, चुना, मोहरी, यातलं काय करू?

---

काळीभोर

मग चोर घरातच सापडला म्हणायचा. वाहत्या नाल्यातला गाळ म्हणजे धातूंचं बचत खातं: पाणी पुढं जातं, धातू चिकणमातीला धरून मागं बसतो. उरलेल्या तीन एकरांवर संशय बराच कमी झाला, पण वरच्या रेघेचा तपास कराच.

बाटली घेऊ नका. धातू हे मूलद्रव्य आहे, ते कुजतही नाही आणि कुणाच्या पोटात जिरतही नाही. जिवाणू फार तर त्याचं रूप बदलतील, तो तिथंच राहणार.

चुना टाकू नका. चुन्याचा सल्ला कोकणातल्या किंवा परदेशातल्या आम्ल मातीसाठी आहे: तिथं सामू ५.५ वरून ६.५ वर नेला की कॅडमियम बसतं. तुमचा सामू आधीच ८.१ आणि ९ टक्के चुनखडी घरची आहे, निसर्गानं तो उपाय आधीच करून ठेवलाय. वर चुना टाकाल तर लोह आणि जस्त अडकून पीक पिवळं पडेल, एवढंच. जिप्समही नको, ते चोपण म्हणजे सोडियमनं बिघडलेल्या जमिनीवरचं औषध आहे, धातूंवरचं नाही.

मोहरीचा हिशेब करून बघू. एकरात वरच्या १५ सेंमीत साधारण ८०० टन माती. त्यात खडकापेक्षा जास्तीचं कॅडमियम किलोमागे दीड-दोन मिग्रॅ धरलं तर दोनच्या हिशेबानं एकरी १,६०० ग्रॅम. मोहरीचं सुकं पीक एकरी ३ टन आणि त्यात किलोमागे १० मिग्रॅ कॅडमियम (हे मी उदार होऊन धरतोय) म्हणजे एका पिकात ३० ग्रॅम निघालं. पन्नासहून जास्त पिकं. शिशाचं तर विचारूच नका. ते मुळाशीच बसतं. पाल्यात ५० मिग्रॅ आलं असं धरलं, तरी किलोमागे ९० मिग्रॅ जास्तीचं शिसं काढायला जवळपास पाचशे पिकं लागतील. आणि काढलेली मोहरी कुठं टाकणार? जाळली की राखेत, खाऊ घातली की दुधात.

मग करायचं काय? त्या बारा मीटरच्या पट्ट्याला रानापासून तोडा. पालेभाजी, मुळा, गाजर, कांदापात तिथं बंद. पावसाचं पाणी पट्ट्यावरून आत येऊ नये म्हणून आतल्या बाजूला फूटभर उंच बांध. पट्ट्यावर बांबू किंवा दाट गवत, पण ते गवत कापून गोठ्यात न्यायचं नाही. हे आधी घरात सगळ्यांना सांगून ठेवा, नाहीतर दुष्काळात पहिला विळा तिथंच पडतो. खोल नांगरट मुळीच नको: आकडा खाली येईल, पण पंधरा सेंमीतला माल चाळीस सेंमीत जाईल आणि पुढं खरडून काढायची सोयही संपेल.

खरडून काढायचंच झालं तर गणित असं. पट्टा १२ बाय १०० मीटर, खोली १५ सेंमी, म्हणजे १८० घनमीटर, वजनानं २३० टनांच्या आसपास, दहा टनी टिपरच्या तेवीस खेपा. ती माती दुसऱ्या कुणाच्या बांधावर टाकता येत नाही. घातक ठरली तर रांजणगाव, तळोजा किंवा बुटीबोरीसारख्या घातक कचऱ्याच्या केंद्रावर न्यावी लागते. हा खर्च शेतकऱ्याच्या अंगावर घ्यायचा नसतो, त्याबद्दल खाली कुणी लिहीलच.

उरलेल्या रानात शेणखत एकरी ५ टन दरसाल. सेंद्रिय कर्ब कॅडमियम धरून ठेवतो, आणि आपल्याकडं तो अर्ध्या टक्क्याच्या आतच घोटाळतो. शहरी कंपोस्ट घ्याल तर बॅचचा रिपोर्ट मागा. खत नियंत्रण आदेशात त्याला कॅडमियम ५, शिसं १०० मिग्रॅपर्यंत मुभा आहे, म्हणजे तुमच्या पट्ट्याहून वाईट कंपोस्टही कायद्यानं पास होतं! डीटीपीए जस्त ०.६ च्या खाली असेल तिथं झिंक सल्फेट एकरी १० किलो द्या. जस्त कमी पडलं की पीक त्याच दारानं कॅडमियम आत घेतं. नाल्याच्या पट्ट्यात मात्र नको, तिथं जस्त उतू चाललंय.

पिकात एक फसगत ठरलेली आहे. "पालेभाजी बंद, आता सोयाबीन" असं सगळे म्हणतात. पण दाण्यात कॅडमियम ओढणाऱ्यांत सोयाबीन, सूर्यफूल आणि जवस पुढं आहेत. त्यापेक्षा मका, ज्वारी, तूर बरी. ज्वारीचा दाणा तसा स्वच्छ राहतो, कडब्यात जास्त जातं. कापूस चालेल, सरकी एकदा तपासून घ्या कारण पेंड शेवटी गोठ्यातच येते. झेंडू, शेवंती तर उत्तमच.

आताचा पालक? ०.२५ म्हणजे ०.३ च्या आत, पण न धुतलेला, एकच नमुना, आणि तो सगळ्यात वाईट पट्ट्यातला. त्या पट्ट्यातला विकू नका. आतल्या रानातला तपासून, जमिनीपासून दोन बोटं वर कापून, धुऊन न्या.

---

पाणीतपासनीस

सगळे मातीवर बोलतायत, मला विहिरीची काळजी जास्त वाटते.

क्रोमियम ०.०९. पिण्याच्या पाण्याची मर्यादा (भारतीय मानक आयएस १०५००) ०.०५, सिंचनाची ०.१. म्हणजे रानाला काठावर चालेल, प्यायला नाही. घरी, सालगड्याला, मजुरांना या विहिरीचं पाणी आजपासून बंद. उकळून क्रोमियम जात नाही, उलट पाणी आटतं तसं वाढतं. आरओनं बरंचसं निघतं, पण त्यातून बाहेर पडणारं पाणी भांड्यांना वापरू नका.

आता कारण. क्रोमियमची दोन रूपं असतात, तीन संयुजेचं आणि सहा संयुजेचं. सामू ८ च्या पाण्यात तीन संयुजेचं क्रोमियम विरघळलेलं राहतच नाही, खाली बसतं. त्यामुळं निवळ पाण्यात ०.०९ दिसलं तर ते बहुतेक सहा संयुजेचं, म्हणजे प्लेटिंगच्या टाकीतलं. ते ऋणभारित असतं, आपली चिकणमातीही ऋणभारित, म्हणून शिसं-कॅडमियम धरणारी माती याला हात लावत नाही. ते सरळ मुरमात आणि तिथून भेगांतून विहिरीत उतरतं. मातीत क्रोमियम "नॉर्मल" आणि विहिरीत जास्त, हे कोडं असं सुटतं.

नमुना दोन बाटल्यांत घ्या. एकूण धातूंसाठी एक लिटर प्लास्टिकची, लॅबनं दिलेलं नायट्रिक आम्ल टाकून सामू २ च्या खाली आणलेली. सहा संयुजेसाठी दुसरी, तिच्यात आम्ल अजिबात नाही, काठोकाठ भरलेली, बर्फात ठेवून २४ तासांच्या आत लॅबमध्ये. आम्ल घातलं तर वाटेतच त्याचं रूप बदलतं आणि रिपोर्ट कोरा येतो. मोटर आधी अर्धा तास चालवा, जीआय पाइपच्या तोंडाचं पहिलं पाणी जस्तानं भरलेलं असतं. एक नमुना मे महिन्यात, दुसरा ऑक्टोबरात.

ईसी २.६ वरही नजर ठेवा. क्षार क्लोराइडचे असतील तर क्लोराइड कॅडमियमला धरून विरघळतं आणि मुळांपर्यंत पोचवतं. म्हणजे चांगल्या मातीतही याच पाण्यानं पालकातलं कॅडमियम वाढू शकतं. क्लोराइड तपासायला फार पैसे लागत नाहीत, यादीत घाला.

---

कलम_एकवीस

थोडक्यात. तुमचा खासगी रिपोर्ट तक्रारीला वजन देतो, पण खटल्यात टिकणारा नमुना प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्यानं १९७४ च्या जल कायद्याच्या कलम २१ प्रमाणं, कारखान्याला नोटीस देऊन, दोन भाग करून सील केलेलाच. म्हणून तक्रारीत "कारवाई करा" एवढंच लिहू नका, "अमुक नाल्यातून, अमुक पुलाखाली, रात्री अमुक वेळी नमुना घ्या" असं लिहा. पाण्याचा रंग बदलतो ती वेळ आठवडाभर वहीत टिपून ठेवा, फोटोत तारीख येऊ द्या.

हरित लवादाकडं भरपाई आणि जमीन पूर्ववत करून मागायची मुदत कारण घडल्यापासून पाच वर्षं, नुसत्या वादाची सहा महिने. गाळ टाकून दोन वर्षं झालीत, म्हणजे भरपाईचं दार अजून उघडं आहे. शिवाय २०२५ मध्ये केंद्रानं दूषित जागांचे वेगळे नियम काढलेत, त्यात संशयित जागा कळवायचं काम जिल्हा प्रशासनाकडं आहे. जिल्हाधिकारी कार्यालयातही एक अर्ज पोच घेऊन द्या. आणि खोलीकरण कुणी केलं त्याची ग्रामपंचायतीतली नोंद आधी काढून घ्या.

---

शिवारफेरी

नमुने पावसानंतर घेतो, पाणी उद्याच देतो. एक शेवटचं. नाला पुढं पाझर तलावाला मिळतो आणि यंदा तिथला गाळ काढून रानात टाकायची गावात तयारी चालू आहे. आमच्या आतल्या दोन एकरांवर घ्यावा का?

---

सामू_८

तपासल्याशिवाय एक ट्रॉलीही नको. गाळयुक्त शिवार एरवी हलक्या रानाला सोनं आहे, पण तुमची जमीन भारी, तुम्हाला गाळाची तशी गरजही नाही.

गावाला घ्यायचाच असेल तर तलावात नाला शिरतो ते तोंड, मधला भाग आणि भिंतीजवळचा भाग असे तीन नमुने, प्रत्येकी ० ते ३० आणि ३० ते ६० सेंमी. रेताड जड गाळ तोंडाशी बसतो, पण धातू धरणारा बारीक गाळ भिंतीकडं जाऊन बसतो आणि ट्रॉल्या नेमक्या तिथूनच भरतात, कारण तो काळाभोर दिसतो. शिसं, कॅडमियम, जस्त हे तीनच तपासा आणि तुमच्या लांबच्या रानाच्या आकड्याशी लावा. दुपटीच्या आत असेल तर न्या. त्याच्या वर असेल तर ग्रामसभेत रिपोर्ट ठेवा, आणि तो ट्रॉल्या लागायच्या आधी ठेवा. एकदा पसरलेला गाळ परत गोळा होत नाही, ते तुम्ही बांधावर बघितलंच आहे.